साडेबाराचा सौदा

"सासऱ्यांच्या वेळचा तंबोरा आहे, शंभर वर्षांचा. वरच्या नक्षीच्या पाकळ्या हस्तिदंती आहेत. तसं लिही की गं, परदेशातले लोक पैसे मोजतात अशाला," काकूंचा आग्रह होता.

मोजतात, हे खरं. पण काकूंच्या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या असत्या तर तो तंबोरा मला देशाबाहेर पाठवताच आला नसता. शंभरी ओलांडलेली अशी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू परदेशी पाठवायला खाजगी माणसाला परवानगी नाही. हस्तिदंत तर देशातल्या देशातही विकता येत नाही. दोन्ही कायदे १९७२ चे. एक पुरावस्तूंचा, दुसरा वन्यजीवांचा. परदेशी गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी जास्त मोजायला तयार असतं, नेमकी तीच कस्टम्सला नको असते.

मी सांगलीत लोकांच्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात लावून देते, कमिशनवर. अडत्याच म्हणा. पितळी अडकित्ते, पानाचे डबे, फाउंटन पेनं, ७८ च्या तबकड्या. घेणारे बहुतेक बाहेरचे. तबकडी फुटली तर वाईट वाटतं, पण हळहळून पुढच्या कामाला लागता येतं. तंबोऱ्याचं तसं नाही. शिवाय हा गावभागातल्या वाड्यातून आलेला, गवसणीसकट जपलेला.

जाहिरात लिहिण्याआधी मी तो रिक्षात घालून मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तिथले एक चाचा माझ्या ओळखीचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत चौकशीला येणारे वाढले आहेत. चाचांना त्याचं विशेष कौतुक नाही. त्यांनी गवसणी काढली, तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. भोपळ्यावर बोटाने टकटक केलं. मग तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, कडेच्या एका पांढऱ्या पाकळीवर अंगठा जोरजोरात घासला आणि तो माझ्या नाकापुढे धरला.

"वास घ्या, ताई."

कापराचा वास.

"सेल्युलॉइड हाय. ह्यात कापूर असतो. हत्तीचा दात असता तर असला वास आला नसता. आन् आडव्या कापात भिंगाखाली जाळीसारख्या तिरक्या रेघा दिसल्या असत्या."

मला हायसं वाटलं. पण मग त्यांनी तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, उचलली, उलटी केली आणि दाराच्या उजेडात धरली. कडेने घट्ट, गुळगुळीत, पिवळसर. मधोमध मात्र बारीक बारीक छिद्रांची जाळी.

"हे सांबरशिंग. पूर्वी हेच बसवायचे. आवाज गोड लागतो, पण आता विकायला बंदी हाय."

वयाबद्दल विचारलं तर भोपळ्यात टॉर्च मारून सांधे बघितले, पॉलिशवरून हात फिरवला. "पन्नास-साठ वर्षं. त्याच्यापलीकडं न्हाई. ही पाकळी आमच्या वडलांच्या टायमाची."

म्हणजे पुरावस्तू नाही. पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेता येतो. तो मी घेतला, कारण नुसत्या माझ्या शब्दावर कस्टम्स विश्वास ठेवणार नाही. दांडी तुणीच्या लाकडाची, म्हणजे शिसवाच्या निर्यातीचे नियमही आड येत नव्हते. राहिली घोडी. चाचांनी हल्ली सतारीला वापरतात त्या टणक प्लास्टिकची नवी करून बसवली आणि कानस घेऊन जवार, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढायला बसले. घासायचं, तार छेडायची, पुन्हा घासायचं. जुनी घोडी मी काकूंना परत दिली आणि ती विकायची नाही हे निक्षून सांगितलं. काकू नाराज. "मग आता कसला जुना राहिला तो?"

जाहिरातीत मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. वय अंदाजे किती, पाकळ्या कशाच्या, घोडी नवी का, भोपळ्याला मागे एक जुनी भेग आहे ती कुठे सांधलेली आहे. भेगेचे फोटो तर दोन्ही बाजूंनी टाकले. गिऱ्हाईक हजारो मैलांवर असलं की वस्तू हातात पडल्यावर जे दिसणार ते आधीच दिसलेलं बरं. नाहीतर 'वर्णनाप्रमाणे नाही' अशी तक्रार होते, पैसे अडकतात आणि परतीचं भाडंही आपल्याच गळ्यात पडतं.

भाड्याचा हिशेबही लिहिला. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. १४० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे ५०.४ किलो. प्रत्यक्षात काट्यावर खोक्यासकट १४ किलो. हे आधी सांगितलं नाही तर भाडं बघून गिऱ्हाईक समजतं की भाड्यात आपण हात मारला.

लिलाव संपायची वेळ मी रविवारी रात्री साडेबाराची ठेवली. हिवाळ्यात तेव्हा युरोपात रात्रीचे आठ, न्यूयॉर्कला दुपारचे दोन, कॅलिफोर्नियात सकाळचे अकरा. सुट्टीच्या दिवशी तिन्हीकडची माणसं जागी आणि मोकळी. झोप फक्त सांगलीची मोडते.

काकू शाल गुंडाळून माझ्याकडेच बसायला आल्या. त्यांचे यजमान मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जायचे. तिथे बोली कशी वर चढते हे त्यांना पाठ. इथे दहा वाजून गेले तरी आकडा ६१० डॉलरवर ठप्प. "कुणी बोलेना का गं?" मी म्हटलं, इथले लोक शेवटच्या दहा सेकंदांत बोलतात, आधी बोललं तर समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो.

बोली थांबली होती, पण निरोप थांबले नव्हते. एका कोऱ्या करकरीत खात्यावरून दीड हजार डॉलरची ऑफर आली: लिलाव बंद करा, चेक पाठवतो, माझा एजंट येऊन तंबोरा घेऊन जाईल, जास्तीचे पैसे एजंटला द्या. काकूंचे डोळे चमकले. असा चेक बँकेतून परत येईपर्यंत तंबोराही गेलेला असतो आणि एजंटला दिलेले पैसेही. ते खातं मी बोलीतून बाद केलं.

दुसरा अमेरिकेचा. ६१० त्याचेच होते. त्याचं म्हणणं, जिंकलो तर पार्सलवर 'भेटवस्तू, ४० डॉलर' लिहा. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी बंद केली, तेव्हापासून हा निरोप फार येतो. त्यांचा राग समजतो, पण कागदावर सही माझी, निर्यातीचा कोड नंबर माझा. बँकेत सहाशे आले आणि बिलावर चाळीस असले तर खुलासा मलाच करावा लागणार. भोपळा फुटला तर विम्याचेही चाळीसच मिळणार. मी तेवढंच लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. बोली मात्र त्याने मागे घेतली नाही.

तिसरा निरोप रॉटरडॅमहून. तिथे हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकवलं जातं, हरिप्रसाद चौरसिया अनेक वर्षं तिथे शिकवायला जात. हे गृहस्थ जाणकार होते. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव ना, असं विचारलं. खाँसाहेबांची कबर तिथल्या दर्ग्यातच आहे हे मी सांगितलं. मग गाडी घोडीवर आली. जुनी घोडी पाठवा, वर दोनशे डॉलर देतो, भोपळ्याच्या आत कापडात गुंडाळून टाका, कोण बघणार?

मी नाही म्हटलं. आमचा कायदा सांगितला, त्यांच्याकडच्या कस्टम्सनेही पकडली तर तंबोराच अडकेल हे सांगितलं, आणि नवी घोडी कुणी, कशी बसवली ते लिहिलं. त्यांचं उत्तर एका शब्दाचं: समजलं.

काकूंना वाटलं, गिऱ्हाईक गेलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. "एवढ्याशा घोडीपायी तू धंदा घालवशील," काकू म्हणाल्या. मी चहा ठेवला.

साडेबाराला अर्धा मिनिट असताना ६१० चे ६३५ झाले. मग दोघांनी एकमेकांना ढकलत ७८० वर नेलं. शेवटच्या काही सेकंदांत स्क्रीनवर आकडा बदलला, ९०५, आणि लिलाव बंद झाल्याची पट्टी आली. जिंकणारा रॉटरडॅमचा.

"त्याला घोडी नको होती होय?" काकूंनी विचारलं.

"हवी होती. पण तंबोरा जास्त हवा होता."

पैसे दुसऱ्या दिवशी भरले. पत्ता नोंदवलेलाच होता, हे मी सगळ्यात आधी तपासते; ऐनवेळी दुसरा पत्ता देणाऱ्याला पाठवलं तर साइट विक्रेत्याच्या पाठीशी राहत नाही. खोकं प्लायवुडचं केलं. साध्या कच्च्या फळ्या वापरल्या तर त्या तापवून कीड मारल्याचा शिक्का लागतो, प्लायला लागत नाही. तारा सैल केल्या, घोडी वेगळी गुंडाळली, भोपळ्याभोवती फोम, वाळलेलं गवत किंवा पाचट अजिबात नाही. तिकडचे २१ टक्के कर त्यांनी कुरकुर न करता भरले, कारण ते जाहिरातीत लिहिलेले होते.

पोचल्यावर त्यांचा निरोप आला: आवाज बसका येतोय, जवार लागत नाही. माझ्या पोटात गोळा आला. मी चाचांच्या दुकानात जाऊन व्हिडिओ कॉल लावला. चाचांना इंग्रजी येत नाही. त्यांनी आपला तंबोरा कॅमेऱ्यासमोर धरला, घोडीवर तारेखाली असतं ते सूत नखाने जरासं पुढे सरकवलं, तार छेडली, पुन्हा कणभर मागे घेतलं. रॉटरडॅमच्या गृहस्थांनी तसंच केलं. तिसऱ्या तारेला फोनमधून आवाज असा उघडला की शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावला.

"पंचम उतरलाय," चाचा मला म्हणाले, "सांगा त्याला."

सांगितलं. त्यांनी चढवला. फीडबॅक आला तेव्हा मी काकूंचे पैसे पोचवले. तोवर पोचवत नाही, तक्रार आली तर साइट पैसे रोखून धरते. चाचांना घोडीची मजुरी आधीच दिली होती. व्हिडिओ कॉलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला, सगळ्या दुकानाला.