तुम्ही विचारलंत म्हणून: स्वेटर का नाही

स्वेटर हरवलेला नाही. आवडत नाही असंही नाही. जिन्यात, लग्नात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये तुम्ही सगळे एकच विचारता: मोठीआईनं हातानं विणलेला इतका जाड स्वेटर घरात असताना ही बाई पहाटे सायकलवर तो चुरचुरणारा पातळ विंडचीटर का घालते? एकदाचं सांगून टाकते.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर आला होता, ती पहाट सोडा. आपला रोजचा जानेवारी म्हणजे पहाटे १२ च्या आसपास आणि दुपारी २८. अंधारात निघालेली मी उन्हात परतते. वाटेत अंगावरचं एकेक उतरवून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबता आलं पाहिजे. विंडचीटरची घडी मुठीत मावते. स्वेटरची उशी होते.

शिवाय वारा. ताशी २५ च्या वेगात १० अंशांची हवा ७ अंशांसारखी लागते. गच्चीवर चहा पिताना स्वेटर ऊब देतो, कारण टाक्यांमधली हवा तिथंच थांबलेली असते. सायकलवर ती थांबत नाही, टाक्यांतून सरळ छातीत शिरते. आत सुती बनियन असेल तर ते घाम धरून बसतं आणि तुम्हाला आणखी गारठवतं. म्हणून आत घाम बाहेर काढणारा सिंथेटिक थर, वर वारा अडवणारा. फार थाटमाट लागत नाही. जुने शर्यतवाले घाट उतरताना जर्सीत वर्तमानपत्र खुपसायचे. हातमोजे आणि कानपट्टी मात्र हवीच. त्याबद्दल कुणी कधी विचारत नाही.

हे सगळं मोठीआईला सांगून झालं होतं. "काहून वं, लोकर चावते का तुले?" एवढंच ती म्हणाली. म्हणून एका रविवारी तिचा स्वेटर घालून अमरावती रोडनं बाजारगावला गेले.

वाडी ओलांडेपर्यंत छाती गार आणि पाठ चिंब. परतताना ऊन चढलं, स्वेटर कमरेला बांधला. गाठ सैल होती की ट्रकच्या झोतानं सुटली, कोण जाणे. उजवी बाही चेनमध्ये गेली आणि पायडल जाम. पडले नाही. कडेला सायकल उलटी ठेवून बाही सोडवत बसले. ती दात्यांमध्ये अशी गुंडाळली होती की चेन मागे फिरवली की एक ओळ उसवायची. टाका, मग टाका, मग टाका, आणि प्रत्येकावर काळं ग्रीस. एक ट्रकवाला थांबला, बघितलं, काही न बोलता ब्लेड दिलं. मी बाही कापली.

घरी मोठीआई रागावली नाही, त्याचाच मला राग आला. भांड्याचं लिक्विड लावून तिनं ग्रीस काढायला घेतलं. मग बाही मांडीवर पसरून कापल्या जागी बोटं ठेवली. "पाच बोटं गेली," म्हणाली. मी म्हटलं, तूच घालायला लावलास. खोटं नव्हतं ते. तरी म्हणायला नको होतं की काय, माझं अजून ठरत नाही.

आधी मी सरसकट म्हणायची, सायकलवर लोकर नकोच. तसं नाही. मेरिनो मेंढीची पातळ लोकर सायकलवाले मुद्दाम अंगालगत घालतात, ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. पण आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळतो तो बहुतेक गुंडा ॲक्रिलिकचा. मोठीआईचाही तोच होता. हे तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता ती म्हणते, बिनबाह्यांचा विणते, बारीक सुयांवर, घट्ट विणीचा. विंडचीटरच्या आत तशी बंडी खरं तर छान चालेल. छाती झाकली की हात काही बिघडवत नाहीत. पण खिशात मावणार नाही, असं मी म्हटलंच.

"मंग खिसा मोठा शिव नं," ती म्हणाली.

बर्डीच्या बाजारातून गुंडे आणायला मलाच पाठवणार आहे.