चाळीस टक्के ब्लॉकेज

मे महिना, दुपारचे तीन, आणि कूलर भरायला लावलेला पाइप नुसता ठिबकतोय. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. शेवटी प्लंबरनं जुन्या लोखंडी नळाचा तुकडा काढून हातात दिला, आत क्षाराचा थर, तोही फार नाही, पण तेवढ्यानं धारेची पार रया गेलेली.

मला पॉइसुली आठवला (कॉलेजात आम्ही असंच म्हणायचो, फ्रेंच लोक कसंही म्हणोत). माणूस डॉक्टर, पण 1840 च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजत बसला, आणि निघालं काय, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. म्हणजे दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली की पाणी निम्मं नाही, थेट सोळाव्या हिश्श्यावर. हे चौथ्या घाताचं प्रकरण मला तेव्हापासून खटकतं, वर्ग-बिर्गावर भागलं नसतं का.

नागपुरातल्या महाल भागातल्या घरी आमचे आबा जेवण झालं की एचएमटीचं घड्याळ समोर धरून स्वतःची नाडी मोजायचे, तेवढा वेळ आम्ही पोरं चूप. वाळ्याचा वास, कूलरची घरघर, आणि आबांचे हलणारे ओठ. कशाला मोजता विचारलं तर म्हणायचे, "चालू आहे का पाहतो." त्यांना स्टीफन हेल्सची गोष्ट सांगायची राहूनच गेली, या इंग्रज पाद्रीबुवानं घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली तर रक्त आठ फुटांच्या वर चढलं, 1733 मध्ये छापूनही टाकलं. आबा म्हणाले असते, काहून तरास देला बिचारीले.

पण धमनी म्हणजे लोखंडी नळ नव्हे. लवचिक, वाकडी, फाटे फुटलेली, रक्त पण धक्क्याधक्क्यानं येणारं, म्हणून आता सीटी स्कॅनवरून त्या पेशंटचीच धमनी कॉम्प्युटरमध्ये उभी करून नेव्हिअर-स्टोक्सची, म्हणजे द्रव कसा वाहतो ते सांगणारी, समीकरणं सोडवतात. फाट्यापाशी रक्त जिथे भिंतीला नीट घासून जात नाही तिथे चरबी जास्त धरते म्हणे. आणि बरेचसे अटॅक सगळ्यात अरुंद जागी येतच नाहीत, अर्ध्याहून कमी बुजलेल्या ठिकाणचा थर अचानक फाटतो, त्यावर रक्त गोठतं, मग सोळावा हिस्साही विसरा.

आमचे काका रामदासपेठेतून अँजिओग्राफी करून आले तेव्हापासून तर्री पोह्याच्या ठेल्यावर सगळ्यांना सांगतात, "चाळीस टक्केच आहे, काही होत नाही."

म्हटलं, काका, गोळ्या रोज घेता ना?

"घेतो ना बाप्पा. आठवण राहिली का घेतो."