स्क्रॅबलचे शब्द पाठ करताना

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द जुळवण्याचा खेळ. त्यासाठी इंग्रजी शब्द पाठ करायचं ठरवल्यावर आधी खेळात चालणाऱ्या शब्दांची यादी निवडावी लागली. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांची यादी वेगळी, बाकी बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची चालते. मी कॉलिन्स घेतली. तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत, पण खेळ तरतो तो दोन अक्षरी शब्दांवर, आणि ते जेमतेम सव्वाशेच्या आसपास. तिथूनच सुरुवात केली.

अर्थ कळायलाच हवा असं नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. माझ्या डोक्यात मात्र अर्थाशिवाय काही टिकत नाही. ए-ए हा खडबडीत लाव्हा, ए-आय हा तीन बोटांचा स्लॉथ, झेड-ओ हे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर, हे एकदा वाचलं आणि पक्कं बसलं. क्यू-आय तर हवाच. क्यूचे 10 गुण आणि यू हाताशी नसला की ती सोंगटी शेवटपर्यंत गळ्यात पडते.

यानंतर हुक, म्हणजे पटावरच्या शब्दाला पुढे किंवा मागे एक अक्षर जोडणं. इथे आपली सवय आडवी येते. आपण लिहितो ते उच्चाराप्रमाणे, त्यामुळे इंग्रजी शब्दही कानानेच आठवतो. 'लाफ्टर'आधी एस लावला की 'स्लॉटर' होतं, हे कानाला कसं कळणार? म्हणून मी शब्द मनात उच्चारणं सोडलं आणि त्यांची अक्षरं वर्णक्रमाने लावून पाठ करू लागलो. जाणकार याला अल्फाग्राम म्हणतात. ए-ई-आय-एन-आर-एस-टी एवढं दिसलं की रिटेन्स, नॅस्टियर, रेटिनाज, स्टेनर आणि रेट्सिना (ही राळेच्या स्वादाची ग्रीक वाइन) असे शब्द आठवायला हवेत. हे सोपं नव्हतं, अजूनही नाही. पण हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की 50 गुण जास्तीचे मिळतात, त्यामुळे कंटाळा सोसला.

सात अक्षरी शब्दांत कुठले आधी घ्यायचे, ते सोंगट्यांवरूनच ठरतं. आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा खेळ बेतला. शंभर सोंगट्यांत ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, क्यू मात्र एकच. तेव्हा हातात वारंवार येणाऱ्या अक्षरांचे शब्द आधी. 'क्रुथ'सारखा (सी-आर-डब्ल्यू-टी-एच) स्पेलिंगमध्ये एकही स्वर नसलेला शब्द (हे वेल्सचं जुनं तंतुवाद्य) चारचौघांत सांगायला झकास, पटावर मात्र क्वचितच कामाला येतो. असले शब्द मी शेवटी ठेवले. सध्या तीन अक्षरी शब्दांचे हुक चालू आहेत, आणि दोन अक्षरींची उजळणी रोज करावी लागते, नाहीतर ते आधी विसरतात.