गेटजवळचा पिंगळा

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गेटजवळ एक म्हातारा रेन ट्री आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते, मेंटेनन्स न भरता. पिंगळा म्हणजे मूठभर घुबड, जेमतेम 21 सेंटीमीटर, अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळेधमक डोळे. दिवे लागले की ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि मी बघतेय कळलं की आजी सुईत दोरा ओवताना करायची ना, तस्सं डोकं खाली-वर करून मला निरखतो.

मग स्ट्रीटलाइटवर ड्युटी. दिव्याभोवतीचे भुंगे, पतंग, नाकतोडे, जमलं तर पाल नाहीतर उंदराचं पिल्लू. एकदा गाडीच्या बॉनेटवर करडी गोळी दिसली, मी शीट समजून वैतागले पण काडीने फोडली तर आत भुंग्याच्या पंखांचे चकचकीत तुकडे आणि उंदराचा इवलासा जबडा, दातांसकट! न पचलेलं सगळं तो असं ओकून टाकतो. (यानंतर नाश्ता जरा उशिरा केला.)

घरटं बांधायची हौस मात्र शून्य. आयती ढोली नाहीतर भिंतीतलं भोक, त्यावरून साळुंक्यांशी भांडणं. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये कधीतरी तीन-चार पांढरी अंडी, आणि पहिलं अंडं पडलं की लगेच उबवायला सुरुवात, त्यामुळे पिल्लं पुढेमागे बाहेर येतात. गेल्या मार्चमध्ये तीन डोकी ओळीने दिसली, लहान-मोठी, अगदी मोबाईलच्या रेंजच्या दांड्या.

शेजारच्या काकूंना तो अपशकुनी वाटतो. आई म्हणते, "अगं, आमच्या गावी पिंगळा जोशी पहाटे कंदील, कुडमुडं (छोटं डमरू) घेऊन यायचा, या पाखराची भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचा, लोक सुपाने धान्य घालायचे!" तेच पाखरू, एकीकडे मान, एकीकडे हाडहाड.

याचा चुलतभाऊ रानपिंगळा, त्याला मात्र जंगलच लागतं. 1884 नंतर दिसेचना, संपला म्हणून सोडून दिला होता, तो 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडला आणि 2014 मध्ये चक्क आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसाला. आमच्यावाल्याला ते जंगलबिंगल नको, त्याला हॅलोजन हवा.

मी आता गाडी मागच्या बाजूला लावते. झाडाखालची जागा सेक्रेटरींनी लगेच पटकावली, सावली आहे म्हणून. गोळ्यांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.