रविवार सोडून रोज सकाळी सहा

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी काहीही लिहा, पाचशे शब्दांत' असा निरोप आला, तेव्हा मी बँकेच्या ऑडिटमध्ये गळ्यापर्यंत बुडालो होतो. तरी त्याच रात्री लिहायला बसलो. शाळेविषयी म्हणून बसलो आणि सगळं सरांविषयीच लिहून झालं, पाचशे शब्दांतही मावलं नाही. संपादक मंडळाला कात्री लावायचीच असेल तर माझ्याविषयीच्या ओळींना लावावी.

कोणते सर, हे १९९३ च्या दहावीतल्या कुणाला सांगावं लागणार नाही. बाकीच्या शिक्षकांना आडनावं होती, टोपणनावं तर होतीच. पीटीचे सर मात्र नुसतेच 'सर'. कराटेचा वर्ग त्यांनी स्वतःच्या हौसेने प्रार्थना हॉलमध्ये सुरू केला होता. रविवार सोडून रोज सकाळी सहा. फी नाही. मांजरपाटाचा ड्रेस शाळेसमोरच्या टेलरकडे शिवायचा. पांढरा बेल्ट आठ-आठ महिने सुटायचा नाही. मला पिवळा मिळाला तेव्हा आईने नवा घेण्याऐवजी पांढराच हळदीच्या पाण्यात बुडवून दिला. पहिल्याच घामाला तो पँटवर उतरला आणि वर्षभर मी वर्गात 'हळदीचा नवरदेव' होतो.

हिवाळ्यात हॉलची शहाबादी फरशी अनवाणी पायांना चावायची. 'इच, नी, सान, शी' अशी मोजणी सुरू झाली की 'शी'ला पाचवीची पोरं फिसकन हसायची. सर थांबायचे, हसू देऊन घ्यायचे आणि पुन्हा 'इच'पासून सुरू करायचे. त्या हसण्यापायी आम्ही किती जास्तीचे पंच मारले असतील, देव जाणे.

सर ख्रिस्ती होते. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि आमच्यावर लादलंही नाही. पण कराटे शिकवताना त्यांचा धर्म हॉलबाहेर चपलांशेजारी काढून ठेवलेला नसायचा. वर्गाच्या सुरुवातीला वज्रासनात बसून डोळे मिटायचे, याला जपानीत मोकुसो म्हणतात. एक मुलगा बाहेरच्या क्लासला जाऊन आला होता. तो म्हणाला, तिथे मन पूर्ण रिकामं करायला सांगतात. सर म्हणाले, "इथे करू नकोस. आमच्या शुभवर्तमानात एका झाडूनपुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट आहे. आधी एक भूत होतं, रिकामं दिसल्यावर ते आणखी सात जण घेऊन राहायला आलं." मग करायचं काय? तर आज ज्याच्याशी कुमिते, म्हणजे जोडीची लढत, खेळायची आहे त्याचं नाव मनात घ्यायचं आणि आपापल्या देवाजवळ त्याचं भलं मागायचं. ज्याचं भलं मागितलं त्याच्या बरगडीत पाच मिनिटांनी किक घालणं भलतंच अवघड जातं. करून बघा.

पोटात साठवलेल्या गूढ शक्तीवर त्यांचा विश्वास नव्हता. "शक्ती-बिक्ती काही नाही रे, कंबर फिरव. मागची टाच जमिनीला दाब. दुसरा हात कमरेकडे ओढलास का? मग पंच पोचणार कसा?" एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, ढिला झाला की म्हणायचे, "बायबलात पौल लिहितो, मी हवेत गुद्दे मारत नाही. तुम्हाला पाहून तो हसला असता. समोर माणूस आहे असं समजून मारा." आणि येशूला पकडायला लोक आले तेव्हा गेथशेमाने बागेत त्याच्या शिष्याने, पेत्राने, तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा उजवा कान कापला, त्यावर सरांचं मत खास पीटीच्या शिक्षकाचं होतं: "कोळी माणूस. तलवारीची सवय नाही. समोरून उजवा कान कापला म्हणजे एक तर डावखुरा, नाही तर नेम चुकला." येशूने तो कान बरा केला, हे सांगताना मात्र ते हसायचे नाहीत.

आता फोटोची गोष्ट. माझे काका तालमीतले. जिल्ह्यात तेव्हा कुस्ती म्हणजे गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक. काकांच्या मते त्यापुढे कराटे म्हणजे माकडउड्या. तालमीत मारुतीला नमस्कार केल्याशिवाय आणि हौद्यातली माती कपाळाला लावल्याशिवाय कुणी लांग कसत नाही, आणि आमच्या हॉलची भिंत तर मोकळी. मी आठवीत होतो. एका शनिवारी पावणेसहाला जाऊन भिंतीत खिळा ठोकला आणि घरून आणलेला मारुतीचा फोटो टांगून ठेवला.

सर आले. त्यांनी फोटो पाहिला, काढला, काचेवरची धूळ स्वतःच्या ड्रेसच्या बाहीने पुसली आणि माझ्या हातात दिला. "हा घरी लाव. इथे नको. मी माझा क्रूसही इथे लावलेला नाही, बघितलंस ना? कराटेत खुद्द फुनाकोशींचा, म्हणजे शोतोकान कराटेच्या मूळ गुरूंचा, फोटो लावून त्याला वाकतात, तोही नाही लावला. इथे वाकायचं ते समोरच्या माणसाला." खिळा राहिला. त्यावर सर शिट्टी आणि स्टॉपवॉच अडकवू लागले.

फोटो परत आलेला पाहून काकांचं डोकं फिरलं. सोमवारी ते सहा वाजता हॉलच्या दारात हजर. पोरांना बाटवायचं काम चाललंय, अशी कुजबूज गावात होती, हेही लिहायला हवं. दोघा-तिघांच्या घरच्यांनी त्यांची नावं काढली होती. सरांनी काकांना खुर्ची दिली. "बसा, पूर्ण तास बघा." काका बसले नाहीत. भिंतीला टेकून त्यांनी अख्खा तास पाहिला आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, ह्यो पाय एवढा फुडं टाकून हुबं ऱ्हायचं आन् त्यो पाय कुनी धरला, तर?"

"धरून बघा."

काकांनी चपला काढल्या, वाकून फरशीला हात लावला, तो कपाळाला नेला. सरांनी आपल्या पद्धतीने कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. पुढचं नीट दिसलंच नाही. काका खाली गेले, एकेरी पट निघाला आणि आमचे ब्लॅक बेल्ट सर शहाबादी फरशीवर धाडकन उताणे. हॉलमध्ये एकदम शांतता. चाळीस पोरं श्वास धरून उभी. सर पडल्या पडल्या हसायला लागले आणि म्हणाले, "पुन्हा दाखवा. हळू."

त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत दर सोमवारी काका आम्हाला पट आणि आकडी शिकवायला येत. हॉलच्या फरशीवर जुन्या सतरंज्या पसरल्या जात. एकदा सर सामान आवरताना काहीतरी गुणगुणत होते. काकांनी विचारलं, "तुकोबाचा का?" सर म्हणाले, "नारायण वामन टिळकांचा. पण तुमचं चुकलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत." टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा १९१७ साली याच साताऱ्यात मांडला, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेच्या पुस्तकात टिळक फक्त कवितेपुरते. काका घरी येऊन एवढंच बोलले, "वस्ताद मानूस हाय." काकांच्या तोंडी हा शब्द फार थोड्यांसाठी होता.

नववीत मी एसटी स्टँडवर एका मुलाच्या तोंडावर पंच मारला. त्याने शिवी दिली होती, दुसरं काही कारण नव्हतं. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "हेइआन शोदानची, आपल्या पहिल्या काताची, पहिली हालचाल कोणती?" मी म्हटलं, डावीकडे वळून खालचा ब्लॉक. "आणि तू कुठून सुरू केलास?" कराटेत पहिला वार नसतो, हे फुनाकोशींचं वाक्य त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. तो माणूसही शाळामास्तरच होता, हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. मी तोंडाने फटकळ. म्हटलं, "सर, तुमच्यात तर एका गालावर मारलं की दुसरा पुढे करायचा असतो. मग ब्लॉक तरी कशाला शिकवता?"

सर रागावले नाहीत. समोर उभे राहिले. "माझ्या उजव्या गालावर मार. तुझ्या उजव्या हाताने." मी हात उचलला आणि अडलो. सरळ तळहात तिथे जातच नाही, उलट्या हातानेच मारावं लागतं. "बघ, शुभवर्तमानात गाल उजवा आहे. उलट्या हाताने कोण कुणाला मारतं? मालक नोकराला. दुसरा गाल पुढे केला, की त्याला तुला बरोबरीचा समजून मारावं लागतं. असा अर्थ काही जण लावतात, सगळ्यांना पटत नाही. पण येशूला शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने गाल पुढे केला नाही, उलट मारलाही नाही. विचारलं, वाईट बोललो असेन तर दाखव, बरं बोललो असेन तर का मारतोस?" मग थोडं थांबून म्हणाले, "माझा गाल माझा आहे, पुढे करीन. तुझ्या बहिणीचा गाल पुढे करायचा हक्क मला कुणी दिला? ब्लॉक त्यासाठी शिकवतो."

"पण तुम्हाला कुणी मारलं तर?"

"अजून मारलेलं नाही. मारलं की सांगतो."

त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी ते मला त्या मुलाच्या घरी चालत घेऊन गेले. दाताचे पैसे कुणी दिले, हे मला फार नंतर आईकडून कळलं. त्या मुलाचं आता राजवाड्याजवळ दुकान आहे. तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

माझं म्हणाल, तर मी शोतोकान कराटेचा थर्ड डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या तिसऱ्या पायरीवर, आहे, पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये बत्तीस मुलामुलींना शिकवतो, त्यातल्या दोघी राज्य पातळीपर्यंत गेल्या. टोकियोच्या ऑलिम्पिकला कराटे आलं तेव्हा काकांना फोन करून ऐकवलं. पॅरिसला ते वगळलं, तेव्हा काकांनी मला फोन केला. आता आजूबाजूच्या क्लासमध्ये तीन महिन्यांना परीक्षा, परीक्षेला फी, वर्षात मूल हिरव्या बेल्टवर. पालक मला विचारतात, तुमच्याकडे इतका वेळ का लागतो? मी हळदीच्या बेल्टची गोष्ट सांगतो. ते हसतात आणि पुढच्या महिन्यात मुलाला काढून घेतात.

दिवाळीत शाळेत डोकावलो. हॉलचा कॉम्प्युटर कक्ष झाला आहे. फरशीवर टाइल्स आल्या. तो खिळा मात्र रंगाखाली दबून तिथेच आहे, त्याला एक्स्टेंशन बोर्डाची वायर गुंडाळलेली. शिपायाला वाटलं असेल हा माणूस भिंतीत काय शोधतोय.

शनिवारी अजिंक्यताऱ्यावर धावत जायचो ते लिहायचं राहिलंच. वर मंगळाईच्या दर्शनाला आम्ही आत जायचो आणि सर बाहेर उभे राहून सगळ्यांचे बूट सांभाळायचे. एकदाही कुणाचा जोड बदलला नाही.

आणि एक विनंती, ही छापली नाही तरी चालेल, पण वाचा. निमंत्रणपत्रिकेवर सरांचा सत्कार रविवारी सकाळी साडेनऊला दिला आहे. तालुक्याची फायनल रविवारी होती, तेव्हा पहिली फेरी आम्ही सरांशिवाय खेळलो होतो. उपासना आटोपून ते सायकलवर आले, तोवर मी हरून बाहेर बसलो होतो. त्या दिवशी मला राग आला होता. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे, चर्चमधून शाळेपर्यंत रिक्षाने यावं लागेल. सत्कार अकराच्या पुढे ठेवा. रिक्षा मी पाठवतो.