‘15 एचपीचा पंखा द्या’ म्हटलं आणि फसलो

होडीच्या इंजिनाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, घ्यायला दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “किती एचपी?” मी म्हटलं, 15. तो आत गेला, खोकं आणलं, बिल फाडलं. सगळं मिळून दोन मिनिटं. पुढचे पाच आठवडे मी त्या दोन मिनिटांची फळं भोगली.

काकांच्या मागे देवबागला त्यांची 16 फुटी फायबर होडी राहिली, आणि मागे लावलेलं दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. काका एकटे जायचे, तेव्हा ते सुसाट पळायचं. आम्ही चौघं, बर्फाची पेटी आणि जाळं घेऊन बसलो की कर्लीच्या खाडीतसुद्धा होडी नाक वर करून नुसती रेंगाळायची. शेजारचे तात्या तांडेल किनाऱ्यावर उभं राहून आवाज ऐकत होते. म्हणाले, “झिला, इंजीन रडता तुझा. पंखो जड पडता.”

निदान तेवढ्यात झालं. मी मात्र शहरातला शहाणा, मला आकडा हवा होता. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, इंजिनाचे फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर मागवला. पहिल्याच फेरीत मिनिटाला 8200 फेरे! हातपाय गार पडले. मग कळलं, मीटर ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ या सेटिंगवर होता; माझ्या इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. म्हणजे खरे फेरे 4100. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला 4500 ते 5500 हवेत असं लिहिलेलं. तात्या बरोबर होते.

जुन्या पंख्यावर नखाने खरवडल्यावर 9¼ × 12 दिसलं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. एका फेऱ्यात पंखा पाण्यातून तत्त्वतः किती पुढे सरकेल, ते पिच. खरं तर तेवढा सरकत नाही, पाण्यात घसरतो. पिच जास्त म्हणजे घाटात चौथ्या गिअरवर गाडी चढवणं. पिच 1 इंच कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात असा ढोबळ हिशोब आहे. मला किमान 400 हवे होते, तेव्हा 12 वरून 9 किंवा 9¾.

हे सगळं पाठ करून दुकानात गेलो आणि तोंडातून काय निघालं? “15 एचपीचा पंखा.”

घरी आणून शाफ्टवर चढवला तर बसेना. वाटलं मीठ धरलंय, म्हणून पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावलं, शेवटी लाकडी ठोकळ्याने ठोकलासुद्धा. मग बायकोने शाफ्टवरचे आणि पंख्याच्या भोकातले दात शांतपणे मोजले. शाफ्टला 8, पंख्याला 10. तो दुसऱ्या कंपनीच्या 15 एचपीचा होता.

परत गेलो. “खोकं उघडलंय, ग्रीस लागलंय. परत होत नाही.” मी म्हटलं, दात मी वाढवले का? तर म्हणे, “तुम्ही 15 एचपी सांगितलं, आम्ही 15 एचपी दिलं.” याला उत्तर नव्हतं. ऑर्डर नव्याने लिहून दिली: 8 दात, व्यास 9¼, पिच 9¾. तीन आठवडे थांबलो, रोज फोन. रोज ‘उद्या गाडी येते’. आलं ते 9¼ × 12. का, तर त्यांच्या संगणकात माझ्या इंजिनासमोर तोच नंबर होता, आणि माझी चिठ्ठी कोणी वाचलीच नव्हती. जो पंखा बदलायला मी निघालो होतो, तोच नवा कोरा समोर ठेवला! या वेळी खोकं मी काउंटरवरच उघडलं, पैसे द्यायच्या आधी. तुम्हीही तसंच करा. आणि जुना पंखा पिशवीत घालून न्याच. त्याच्यापुढे वाद चालत नाही.

तिसऱ्या खेपेला बरोबर आला. चौघं बसून 4700 फेरे, आणि होडीचं नाक खाली आलं. मी एकटा असलो की 5400 जातात, म्हणून 9 न घेता 9¾ घेतला ते बरंच झालं. तात्यांनी आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. एवढा आनंद मला पेन्शनच्या पहिल्या पैशांचाही झाला नव्हता.

हो, पंखा घेण्याआधी करायचं ते आता आठवतंय: पंख्याच्या मधोमध रबरी बुश असतो, त्याच्या रबरावर आणि पंख्याच्या धातूवर मिळून एक सरळ रेघ रंगवा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय. इंजिन ओरडतं पण होडी पळत नाही, ते त्यामुळेही होतं. तळाचं शेवाळ आणि कवचंही खरवडा. आणि जुना पंखा काढताना आतला थ्रस्ट वॉशर त्याच्यालाच चिकटून येतो. माझा तसाच भंगारात जात होता. त्याच्याशिवाय पंखा बसवला तर गिअरच्या पेटीवर घासेल. स्प्लिट पिन नवी घाला.

वॉशरच्या मागे नायलॉनचा धागा गुंडाळलेला सापडला. त्याने सील कापलं होतं, पाणी शिरून गिअर ऑइल दुधासारखं पांढरं. आता सील हवंय. दुकान तेच आहे.