तुम्ही विचारलंत म्हणून: ती अणुभट्टी बुडाली तर?

तरंगत्या अणुवीज केंद्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "आणि ते बुडालं तर?" खरं तर "ते जमिनीवर चढलं तर?" असं विचारायला हवं. का, ते सांगतो.

वीज पुरवणारं असं एकच केंद्र सध्या चालू आहे, रशियाचं 'अकादमिक लोमोनोसोव'. लोक त्याला जहाज म्हणतात, पण त्याला स्वतःचं इंजिन नाही, ते ओढून न्यावं लागणारं बार्ज आहे. लांबी 144 मीटर, रुंदी 30 मीटर, वजन सुमारे 21,500 टन. त्यावर केएलटी-40एस जातीच्या दोन भट्ट्या. प्रत्येकीची उष्णता 150 मेगावॉट, वीज 35 मेगावॉट. तारापूरच्या तिसऱ्या संचाची क्षमता एकट्याची 540 मेगावॉट आहे, त्यावरून आकाराचा अंदाज घ्या. हे बार्ज रशियाच्या अगदी ईशान्य टोकाच्या चुकोत्का प्रांतातल्या पेवेक या छोट्या बंदरगावी बांधून ठेवलंय. डिसेंबर 2019 पासून तिथे वीज देतं, 2020 पासून घरं तापवायला गरम पाणीही.

आता बुडण्याचं. भट्टी बंद केली की विखंडन, म्हणजे अणू फुटत राहणं, थांबतं, उष्णता थांबत नाही. 150 मेगावॉटची भट्टी बंद झाल्याक्षणी 10 मेगावॉटच्या आसपास उष्णता देत असते, तासाभराने दोनेक मेगावॉट, दिवसाने एक मेगावॉटच्याही खाली. ही उष्णता काढून न्यायला पाणी लागतं, आणि बुडालेल्या भट्टीभोवती पाण्याला तोटा नसतो. खोल पाण्यात बाहेरच्या दाबाने भट्टीभोवतालचं पोलादी कवच चेपू नये, म्हणून आत पाणी घेणाऱ्या झडपा ठेवतात. 'सवाना' या अमेरिकन अणुजहाजावर 1960 च्या दशकातच ही सोय होती. म्हणजे बुडणं चांगलं असं नव्हे. किरणोत्सारी इंधन समुद्रतळाशी पडून राहणं, ते वर काढणं, हा पुढच्या पिढ्यांच्या गळ्यातला धोंडा. पण इंधन वितळण्याचा धोका तिथे कमी.

किनाऱ्यावर चढलेल्या बार्जचं उलट असतं. पाणी खेचणारी तोंडं उघडी पडतात, पंप हवा ओढतात, किनाऱ्याची वीजतार तुटलेली असते, बार्ज एका कुशीवर कललेलं असतं. पंपांशिवाय चालणारी आपत्कालीन शीतव्यवस्था टाक्यांतल्या पाण्यावर सुमारे दिवसभर तग धरते. तेवढ्या वेळात कुणीतरी पाणी पोचवायलाच हवं. 2011 च्या त्सुनामीने जपानमधल्या केसेन्नुमा गावात 330 टनांचं मासेमारी जहाज थेट वस्तीत नेऊन ठेवलं होतं. म्हणून अशा केंद्राची जागा ठरवताना मी आधी भट्टीचा नकाशा नाही, धक्का आणि लाटरोधक बांध बघेन. पेवेकलाही बार्ज येण्याआधी तो बांधावा लागला.

कलण्याचा आणखी एक परिणाम. जमिनीवरच्या बऱ्याच भट्ट्यांत नियंत्रक कांड्या (विखंडन थांबवणाऱ्या) वरून सोडल्या की स्वतःच्या वजनाने खाली पडतात. कलंडलेल्या बार्जमध्ये 'खाली' कुठे आहे याचाच भरवसा नसतो. म्हणून आपत्कालीन कांड्या स्प्रिंगच्या जोराने आत ढकलतात.

रोजची डोकेदुखी मात्र यातली कुठलीच नसते. ती असते कंडेन्सरची. टर्बाइनमधून आलेली वाफ तिथे समुद्राच्या पाण्याने थंड होते, आणि वाफेच्या बाजूला निर्वात असल्याने एखादी नळी बारीकशी जरी फुटली तरी खारं पाणी आत खेचलं जातं. त्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, बाष्पजनित्रापर्यंत (भट्टीच्या उष्णतेने वाफ बनते तिथपर्यंत) गेलं तर गंज आणि तडे ठरलेले. त्यामुळे पाण्याची वाहकता (मीठ मिसळलं की वाढते ती वीज वाहून नेण्याची क्षमता) सतत मोजत राहायची, आकडा चढला की कंडेन्सरचा तेवढा भाग बंद करून गळकी नळी शोधायची आणि तिची दोन्ही तोंडं बुचं मारून बंद करायची. उष्ण समुद्रात याच्या जोडीला शिंपले आणि शेवाळ, आर्क्टिकमध्ये पाण्यात तरंगणारा भुसभुशीत बर्फ, जो जाळ्या बुजवून टाकतो.

इंधनाचं गणित वेगळंच. ते दर तीनेक वर्षांनी बदलावं लागतं आणि 'लोमोनोसोव'वर वापरलेलं इंधन बार्जवरच साठवलं जातं, दहा-बारा वर्षांनी मोठ्या दुरुस्तीसाठी ओढून नेईपर्यंत. माझ्या मते या रचनेतली सर्वांत अवघड जागा हीच. ज्या बार्जला लाटांपासून जपायचं, त्याच्याच पोटात जुनं इंधनही. सेंट पीटर्सबर्गला बांधलेल्या या बार्जमध्ये तिथेच इंधन भरायचा बेत होता, बाल्टिक शेजाऱ्यांनी हरकत घेतली. मग 2018 मध्ये ते रिकाम्या भट्ट्यांनिशी मुरमान्स्क या रशियाच्या उत्तरेकडच्या बंदराला ओढून नेलं आणि इंधन तिथे भरलं.

रशियाच्या पुढच्या बार्जवर, चुकोत्कातल्याच बाइम्स्काया तांब्याच्या खाणीसाठी आखलेल्या, इंधन बदलायची आणि साठवायची सोयच ठेवलेली नाही. एकूण चार बार्ज, तीन वीज देणार, चौथं राखीव. एकाचं इंधन संपलं की त्याला ओढून न्यायचं आणि राखीव बार्ज त्याच्या जागी धक्क्याला लावायचं.